फायब्रॉइड, पथ्य आणि तुमचे सहा महिने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३८. गर्भाशयात फायब्रॉइडच्या दोन गाठी, एक समोरच्या भिंतीत ४.२ सेंमीची, दुसरी बाहेरच्या अंगाला २.१ सेंमीची. मोठी गाठ गेल्या वर्षी ३.८ होती. पाळी आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस अंगावरून फार जातं, गुठळ्या पडतात. हिमोग्लोबिन ९.४. एका डॉक्टरांनी ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं आणि तुम्ही हादरून घरी आलात. आता सहा महिने आहार आणि व्यायामावर काढून बघायचे आहेत, आणि गाठ विरघळावी म्हणून काय खायचं, काय सोडायचं याची यादी हवी आहे. दूध, सोया, अंडी बंद करू का आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल घेऊ का, हेही विचारलं आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न पंचवीस वर्षं ऐकते आहे. खाण्यापिण्याचं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट. तुम्ही विचारलंय गाठीबद्दल. तुमच्या मजकुरात मला खटकलेला आकडा मात्र ४.२ नाही, ९.४ आहे.

सुरुवातीच्या काळात मी एक चूक केली होती, ती सांगते. एका बाईंनी मला हेच विचारलं होतं. मी घाईत होते. ‘आहाराने फायब्रॉइड जात नाहीत’ एवढं एक वाक्य बोलले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. वाक्य खरं होतं, पण त्या बाईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या परत आल्या चौदा महिन्यांनी, हिमोग्लोबिन ५.८ घेऊन, चार पायऱ्या चढताना थांबत थांबत. मधल्या काळात त्यांनी फार कडक पथ्य पाळलं होतं. दूध बंद, अंडी बंद, मांस-मासे बंद, रात्रीचं जेवण बंद. गाठ होती तेवढीच राहिली, बाई मात्र अर्ध्या झाल्या. तेव्हापासून या प्रश्नाला मी एका वाक्यात उत्तर देत नाही.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ. एखादी स्नायूपेशी बिघडते, तिच्यापासून पेशी वाढत जातात आणि त्यांच्याभोवती कोलॅजनसारख्या तंतूंचं घट्ट जाळं विणलं जातं. २०११ साली असं दिसलं की सुमारे ७० टक्के गाठींमध्ये एमईडी१२ या एकाच जनुकात बदल झालेला असतो. म्हणजे सुरुवात होते ती पेशीतल्या बिघाडाने. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून ती झाली, हे डोक्यातून काढून टाका. एकदा गाठ तयार झाली की तिला वाढवायला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन लागतात, म्हणून पाळी कायमची गेल्यावर बहुतेक गाठी आक्रसतात. गाठीचा बराच भाग हा त्या तंतूंच्या जाळ्याचाच असतो. ते जाळं चरबीसारखं ‘वितळत’ नाही. ‘विरघळणं’ हा शब्द इथे मुळातच फसवा आहे.

आणि या गाठी दुर्मीळ मुळीच नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या सोनोग्राफी अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी जवळपास ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना फायब्रॉइड झालेला असतो. त्यातल्या कितीतरी जणींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. म्हणजे गाठ असणं हा आपोआप आजार ठरत नाही. ती काय त्रास देते, त्यावर सगळं ठरतं.

आता ३.८ ची ४.२ झाली त्याबद्दल. ‘गाठ वाढली’ असं वाचून पोटात गोळा येतो, मान्य. पण आपण मोजतो व्यास, आणि वाढतं ते घनफळ. व्यासात चार मिलिमीटरची वाढ म्हणजे घनफळात साधारण ३५ टक्क्यांची वाढ, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की सोनोग्राफीत दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या मशीनवर, प्रोब किंचित वेगळ्या कोनात धरून मोजलं, तर दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे तुमची गाठ वर्षभरात खरंच ३५ टक्के वाढली असेल, किंवा अजिबात वाढली नसेल. या दोन आकड्यांवरून मला तरी ठरवता येणार नाही. हाच नियम उलटा लावून पाहा. सहा महिन्यांनी रिपोर्टवर ४.० आलं तर तुम्हाला वाटेल पथ्य लागू पडलं, ४.४ आलं तर वाटेल सगळं वाया गेलं. दोन्ही वेळा तुम्ही कदाचित मोजण्यातली चूकच वाचत असाल.

याहून गमतीची गोष्ट अशी की गाठी आपल्या मर्जीने वागतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ स्त्रियांच्या २६२ गाठी वर्षभरापर्यंत एमआरआयने पुन्हापुन्हा मोजल्या. सहा महिन्यांतली मधली वाढ (निम्म्या गाठी याहून कमी, निम्म्या जास्त) होती ९ टक्के, पण पल्ला केवढा! एक गाठ ८९ टक्के आक्रसली होती, एक १३८ टक्के वाढली होती. सुमारे ७ टक्के गाठी आपल्याआप लहान झाल्या. आणि एकाच बाईच्या पोटातल्या दोन गाठी वेगवेगळ्या वेगाने वाढत होत्या. तेच रक्त, तेच हार्मोन, तेच जेवण, आणि एक वाढतेय तर दुसरी आक्रसतेय. आहाराने गाठीचा आकार ठरतो असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की मला हा अभ्यास आठवतो.

‘अमकीची गाठ तमका रस पिऊन गेली’ या गोष्टी खोट्याच असतात असं मी म्हणत नाही. त्या सांगणाऱ्या बाईचा अनुभव खरा असतो. पण कारणं दुसरी असू शकतात. आपल्याआप आक्रसलेली गाठ हे एक. बाळंतपणानंतर लहान झालेली गाठ हे दुसरं. पाळी जायच्या वयात असलेली बाई हे तिसरं. आणि चौथं कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं: ती गाठ मुळात फायब्रॉइडची नव्हतीच. आपल्याकडे बीजांडकोशातल्या पाण्याच्या गाठीलाही ‘गाठ’ म्हणतात आणि गर्भाशयातल्या स्नायूच्या गाठीलाही ‘गाठ’. पाण्याची साधी गाठ दोन-तीन महिन्यांत बहुतेक वेळा आपली आपण जाते. त्या काळात तुम्ही काहीही प्या, श्रेय त्यालाच जाणार. कोणी अशी गोष्ट सांगितली तर तिचा पहिला रिपोर्ट मागून बघा.

आता ९.४ कडे वळते.

सर्वसाधारण पाळीत ३०-४० मिली रक्त जातं. ८० मिलीच्या वर गेलं की त्याला जास्तीचा रक्तस्राव म्हणायची वैद्यकातली पद्धत आहे. मोजायला कोणी बसत नाही, पण तुमच्या वर्णनावरून तुम्ही ती रेघ ओलांडलेली दिसते. हिमोग्लोबिन चांगलं असताना १ मिली रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे दीडशे मिली रक्त गेलं तर ७५ मिलिग्रॅम लोह गेलं. उलट बाजूने, जेवणातून शरीर शोषून घेतं ते रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, महिन्याला ३० ते ६०. त्यातलं रोजचं सुमारे १ मिलिग्रॅम तर त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यातच जातं. जमाखर्च मांडा. हंड्याला तळाशी भोक आहे आणि वरून आपण चमच्याने पाणी ओततोय. म्हणून पालेभाज्या, बीट, खजूर खाऊन ९.४ चं १२ होईल ही आशा मी तुम्हाला देणार नाही. पालेभाज्या खाव्यात, जरूर खाव्यात, पण त्या औषध नव्हेत.

तुम्हाला लोहाच्या गोळ्या लागणार आहेत. त्या कोणत्या आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी फेरिटिनची तपासणी करून ठरवावं. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर शिल्लक संपत आली असं मी धरते. गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सोडून देण्याचं प्रमाण इथेच जास्त आहे. एक गोळी घेतली की हेप्सिडिन नावाचं एक द्रव्य शरीरात वाढतं आणि पुढचे चोवीस तास आतडं लोह कमी शोषतं. त्यामुळे दिवसाआड एक गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागतं आणि पोटही कमी बिघडतं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. रोज गोळी घेऊन बद्धकोष्ठाने बेजार झालेल्या बाईला मी हाच मार्ग सुचवते. गोळी चहा-कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. लिंबू-संत्र्यासारखं आंबट काही बरोबर असलं तर चांगलं. शौचाला काळं होईल, घाबरू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने चढायला हवं. नाही चढलं तर गोळी पोटात जात नाही, अंगी लागत नाही किंवा रक्त त्याहून वेगाने जातंय, यांपैकी काहीतरी आहे. अशा वेळी शिरेतून लोह देण्याचा पर्याय असतो. आणि हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून लगेच गोळ्या थांबवू नका. बँकेत शिल्लक पडायला त्यानंतर आणखी तीनेक महिने लागतात.

बरोबरीने भोकही लहान करायला हवं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाची गोळी फक्त जास्त जाण्याच्या तीन-चार दिवसांपुरती घ्यायची असते. ती हार्मोनची नाही, गाठीवर तिचा काही परिणाम नाही, पण रक्तस्राव बऱ्याच जणींत तिसऱ्या हिश्श्यापासून जवळपास निम्म्यापर्यंत कमी होतो. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ती चालत नाही, म्हणून आपल्या मनाने आणून घेऊ नका. ‘मला औषध नको, नैसर्गिक उपायच हवा’ असं तुम्ही लिहिलं आहे. तुमची भावना समजते. पण सहा महिने आहारावर काढायचे तर त्या सहा महिन्यांत अंगात रक्त उरलं पाहिजे ना?

इथवरचं थोडक्यात: आकाराचा आकडा डळमळीत, गाठीची वाढ लहरी, आणि तुमची खरी गळती लोहाची. आता खाण्याकडे येते.

तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी एकही बंद करायचं कारण मला दिसत नाही. दुधाबद्दल तर उलटंच निघालं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका फार मोठ्या पाहणीत दुधाचे पदार्थ जास्त घेणाऱ्यांमध्ये फायब्रॉइडचं प्रमाण थोडं कमी आढळलं. यावरून दूध हे औषध ठरत नाही, पण ‘दुधामुळे गाठी होतात’ याला आधार नाही एवढं नक्की. सोयामध्ये इस्ट्रोजेनसारखी दिसणारी द्रव्यं असतात म्हणून लोक घाबरतात. ती इस्ट्रोजेनपेक्षा फार दुबळी असतात आणि जेवणातल्या प्रमाणात त्यांनी फायब्रॉइड वाढतात असं सातत्याने कुठे दिसलेलं नाही. जेवणात सोया असू द्या. सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत, त्यात हीच द्रव्यं कितीतरी पट एकवटलेली असतात. अंडं तर मी तुम्हाला बंदच करू देणार नाही. रक्त कमी असलेल्या बाईचं अंडं काढून घेणं म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातला घास काढणं.

मग काय वाढवायचं? भाज्या आणि फळं, रोज, आणि खऱ्या अर्थाने भरपूर. इटलीतल्या एका जुन्या अभ्यासात हिरव्या भाज्या, फळं आणि मासे जास्त खाणाऱ्यांमध्ये फायब्रॉइड कमी दिसले, लाल मांस जास्त खाणाऱ्यांमध्ये जास्त. अमेरिकेतल्या त्याच मोठ्या पाहणीत फळं, विशेषतः लिंबूवर्गीय फळं, खाणाऱ्यांचा धोका किंचित कमी होता. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. असं खाणाऱ्या स्त्रिया आणखीही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करत असतात. शिवाय हे अभ्यास गाठ होण्याबद्दल बोलतात, झालेली गाठ लहान होण्याबद्दल नाही. ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही वाचलेल्या बहुतेक लेखांनी पहिलं वाक्य घेऊन दुसरं तुम्हाला विकलं आहे.

तंतुमय पदार्थांचा तुम्हाला होणारा फायदा मात्र अगदी प्रत्यक्षातला आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. यकृत वापरलेलं इस्ट्रोजेन पित्तावाटे आतड्यात टाकतं, तंतुमय आहार असला तर त्यातलं काही शौचावाटे बाहेर जातं, हे झालं पुस्तकातलं. माझ्या पेशंटना जाणवतो तो फरक साधा आहे: पोट साफ राहतं. गर्भाशय मोठं झालेलं असताना आतडंही भरलेलं असलं की ओटीपोटातला जडपणा, फुगारा, कंबरेची ओढ सगळं दुणावतं, त्यात लोहाच्या गोळ्यांचं बद्धकोष्ठ. डाळी, सालासकट कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, फळं आणि पुरेसं पाणी एवढ्यावर कितीतरी जणी ‘गाठ हलकी झाली’ असं सांगतात. गाठ तेवढीच असते, पण हलकं वाटणं खोटं नसतं. गाठ समोरच्या भिंतीत असल्यामुळे तुम्हाला सारखं लघवीला जावं लागत असेल, तर चहा-कॉफी कमी करून बघा, आठवड्याभरात कळतं.

साखर, मैदा, तळलेलं याबद्दल वेगळं सांगत नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे. दारू घेत असाल तर कमी करा, तिचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे तुम्हाला लागू असेल किंवा नसेल. चरबीच्या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं, ते इतर हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवतं. वजन जास्त असलं की इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिनही कमी होतं. त्यामुळे जाड स्त्रियांत फायब्रॉइड जास्त दिसतात. पण वजन उतरवल्याने झालेली गाठ लहान होते असं मी कधी कोणाला वचन दिलेलं नाही. तरीही वजन जास्त असेल तर उतरवा म्हणते, त्याची कारणं वेगळी आहेत. गर्भाशयाच्या अस्तराची नको ती वाढ कमी होते, रक्तदाब सुधारतो, आणि पुढे कधी शस्त्रक्रिया करावीच लागली तर भूल आणि जखम दोन्ही सुखरूप पार पडतात. रक्तदाब आणि फायब्रॉइड यांचाही संबंध दिसून आला आहे, तेव्हा एकदा तो मोजून घ्या. अडतिसाव्या वर्षी बायका स्वतःचा रक्तदाब मोजत नाहीत.

व्यायामाबद्दल एका अभ्यासात आठवड्याला सात तास किंवा जास्त हालचाल करणाऱ्यांमध्ये फायब्रॉइडची शक्यता दोन तासांहून कमी करणाऱ्यांपेक्षा बरीच कमी आढळली. पण ९.४ हिमोग्लोबिनवर उद्यापासून धावायला लागू नका. पहिला महिना रोज अर्धा तास चाला, बोलता येईल अशा वेगाने. छातीत धडधडलं तर थांबा. रक्त वाढलं की वेग आपोआप वाढेल. पाळीत व्यायाम करू नये असं काही नाही. जास्त जाण्याच्या दिवसांत तुम्हालाच नको वाटेल, तेव्हा सोडा. पोटाचे व्यायाम करून गाठ दाबली जाते किंवा फुटते, हे दोन्ही समज निराधार आहेत.

ड जीवनसत्त्वाबद्दल मला थोडी आशा वाटते, थोडीच. रक्तात ते २० नॅनोग्रॅमच्या वर असलेल्या स्त्रियांमध्ये फायब्रॉइडची शक्यता ३२ टक्क्यांनी कमी होती, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. ते घेऊन गाठीची वाढ मंदावते का, यावरचे प्रयोग लहान आहेत आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. माझी पद्धत अशी: तपासा, कमी असेल तर भरून काढा. हाडांसाठी ते तसंही लागतंच. पण पातळी चांगली असताना ‘गाठीसाठी’ म्हणून मोठे डोस घेऊ नका. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

ग्रीन टी. इजिप्तमध्ये २०१३ साली एक प्रयोग झाला. ग्रीन टीचा अर्क रोज ८०० मिलिग्रॅम, चार महिने. अर्क घेणाऱ्यांच्या गाठी सरासरी सुमारे ३३ टक्के लहान झाल्या, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या २४ टक्के वाढल्या. ऐकायला फार छान. पण शेवटपर्यंत टिकलेल्या स्त्रिया होत्या ३३, आणि गाठी किती लहरी असतात ते वर सांगितलंच आहे. त्या अर्कातला मुख्य घटक ४५ टक्के होता, म्हणजे दिवसाला साधारण ३६० मिलिग्रॅम. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये किती असेल याची खात्री देता येत नाही, आणि हाच घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या आसपास गेला की यकृताला इजा होत असल्याची खूण रक्ततपासणीत दिसू लागते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदवलं आहे. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना सांगून, आधी आणि नंतर यकृताची तपासणी करून घ्या. कपभर ग्रीन टी प्यायला माझी काही हरकत नाही, फक्त लोहाच्या गोळीपासून लांब.

काढे, चूर्णं, एरंडेलाच्या पट्ट्या, ‘शरीरशुद्धी’चे कोर्स. पट्टीने ऊब मिळते, ऊबेने कळ कमी होते, तेवढ्यापुरतं ठीक. पोटात घ्यायच्या वस्तूंबाबत माझी एकच अट असते: आत काय आहे आणि किती आहे हे पाकिटावर लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर नको. हर्बल म्हणून घेतलेल्या गोष्टींनी यकृत बिघडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

तुमच्याकडून काही गोष्टी कळल्या नाहीत आणि त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे गाठीची जागा. ती चार सेंमीची गाठ गर्भाशयाच्या आतल्या पोकळीला ढकलतेय का? अस्तरात घुसलेली एक सेंमीची गाठ भरमसाट रक्त घालवू शकते आणि बाहेरच्या अंगाची सहा सेंमीची गाठ गप्प बसून राहते. डॉक्टर गाठींना ० ते ८ असे प्रकार देतात. ०, १, २ म्हणजे पोकळीत शिरलेल्या, ३ अस्तराला टेकलेली, ४ पूर्ण भिंतीत, ५, ६, ७ बाहेरच्या बाजूला झुकलेल्या. तुमच्या रिपोर्टवर हा आकडा नसेल तर विचारून घ्या. गाठ पोकळीत शिरलेली निघाली तर सहा महिने पथ्यावर घालवू नका. अशी गाठ बहुतेक वेळा खालच्या वाटेने, पोटावर छेद न देता, दुर्बिणीने काढता येते.

दुसरं, मूल हवं आहे का? हवं असेल तर सल्ला बदलतो आणि वेळेची किंमतही. तिसरं, थायरॉइड तपासलं आहे का? पाळी जास्त जाण्याचं खापर दरवेळी गाठीवर फोडलं जातं आणि थायरॉइड निवांत सुटतं. चौथं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसतं का? दिसत असेल तर अस्तराचा तुकडा तपासावा लागेल.

‘पिशवी काढा’ हा एकच पर्याय तुमच्यासमोर ठेवला गेला, याचं मला वाईट वाटतं. हार्मोन सोडणारी तांबी, फक्त गाठी काढण्याची शस्त्रक्रिया, गाठीकडे जाणारी रक्तवाहिनी बंद करण्याची पद्धत, काही महिने घ्यायच्या हार्मोन-रोधक गोळ्या, हे सगळे मधले मुक्काम आहेत. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, आणि त्यातला तुम्हाला कोणता बसेल ते वरच्या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ठरेल. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. पण ९.४ वर, या वयात, चार सेंमीच्या गाठीसाठी दोन आठवड्यांत निर्णय घ्यायची घाई सहसा नसते.

तेव्हा सहा महिने थांबायला माझी हरकत नाही, आकडे लिहून ठेवणार असाल तर. पाळीचे दिवस किती, दिवसाला किती पॅड पूर्ण भिजले, गुठळ्या केवढ्या, रात्री उठावं लागलं का, कळ दहापैकी किती. हिमोग्लोबिन आता, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. फेरिटिन आता आणि शेवटी. सोनोग्राफी मध्ये अजिबात नाही, सहा महिन्यांनी एकदाच, शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच व्यक्तीकडून, पाळी संपल्या-संपल्या, आणि गाठीची तिन्ही मापं लिहून मागा. दर महिन्याला सोनोग्राफी करणाऱ्या बायकांच्या गाठी कमी होत नाहीत, झोप तेवढी कमी होते.

हे झालं तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही: दोन तास लागोपाठ तासाला एक पॅड पूर्ण भिजणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, धाप किंवा छातीत दुखणं, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, लघवी अडकणं, तापाबरोबर ओटीपोटात असह्य कळ, पाळी चुकून मग रक्तस्राव सुरू होणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि कधीकाळी पाळी कायमची गेल्यानंतर गाठ वाढलेली दिसली किंवा रक्त दिसलं, तर तेव्हा ‘जुनीच गाठ आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

फेरिटिन, थायरॉइड आणि गाठीचा प्रकार, हे तीन आकडे मिळाले की इथेच खाली लिहा, मग पुढचं बोलता येईल. तोवर येत्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पॅड मोजायला लागा. वही नसली तर कॅलेंडरच्या मागची बाजूही चालेल.